दुसऱ्या अंकात मोलकरीण चिडते

अंक पहिला

मालन चिडली होती आणि चिडूनच गात होती. मुलुंडच्या सोसायटीचा गणपतीचा मंडप, विंगेत माईक, माईकपुढे ती. रंगमंचावर मोलकरणीच्या वेशात अनुपमाबाई नुसते ओठ हलवत होत्या. बाईंना सूर नव्हता. त्यांच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या मालनला होता. बाईंच्या अंगावरचं लुगडंही मालनचंच.

प्रहसन लिहिलं बाईंच्या नवऱ्यानं, सेक्रेटरी जयवंतरावांनी. मालकही तेच झाले होते. गडी आणि मोलकरीण लग्नासाठी मालकाला फसवतात, शेवटी पाया पडतात, आणि मालक गहिवरून म्हणतो, मागा काय हवं ते!

खरा गडी लवू, सोसायटीचा वॉचमन, पडद्याची दोरी धरून उभा होता. चार दिवसांपूर्वी त्यानं जयवंतरावांना विचारलं होतं, "साहेब, मालनशी लग्न करतो. पाण्याच्या पंपाशेजारची खोली द्याल?"

"लग्न केलंस तर नोकरी सोड," खरा मालक म्हणाला होता. "आम्हाला एकटा माणूस हवा."

अंक दुसरा

(कापला. यात मोलकरीण चिडते. जयवंतराव म्हणाले, "गणपतीत लोकांना हसायचं असतं.")

अंक तिसरा

गणपतीसमोर माईकवर दिलेला शब्द मागे घ्यायचा नाही, हा नियम जयवंतरावांचाच. गेल्या वर्षी भर आरतीत तळमजल्यावरच्या शिवदासकाकांकडून 'देतो' वदवून घेतलं आणि काकांची बाग स्कूटरींच्या पार्किंगखाली गेली.

"मी सांगेपर्यंत दोरी सोडू नको," मालन कुजबुजली.

"गे बाय, वाट लागतली आपली!"

"लागली तर लागू दे. घट्ट धर."

मालक गहिवरला. "माग पोरी, काय हवं ते!"

ठरलेली ओळ होती, 'धनी, तुमचा आशीर्वाद द्या.' मालननं आवाज लावला :

"धनी, पंपाची खोली द्या!"

अनुपमाबाईंचं तोंड मिटलेलं. तरी गाणं चालूच. मंडप हशानं फुटला. जयवंतरावांनी पाठीमागे हात हलवला : पडदा, पडदा! लवू दोरीला लोंबकळल्यासारखा उभा.

"पंपाची खोली द्या, धनी!"

या वेळी बाईंचे ओठ हलले. नवऱ्याकडे रोखून बघत, अक्षर न् अक्षर.

"द्या की हो!" लोक ओरडले. जयवंतरावांनी समोरच्या गणपतीकडे पाहिलं.

"दिली!"

"सोड रे," मालन म्हणाली. पडदा पडला.

पडद्यामागे

"ते नाटक होतं!" जयवंतराव किंचाळले.

शिवदासकाका काठी टेकत आत आले होते. "माईक चालू होता, जयवंतराव."

बाहेर आधीच ठरल्याप्रमाणे अनुपमाबाईंच्या गोड गळ्यासाठी मानाचा नारळ जाहीर झाला. बाई तो घेऊन विंगेत आल्या आणि मालनपुढे धरला. "घे गं. तुझाच आहे."

"लुगडंपण माझंच आहे."

"अगं, उद्या धुऊन देते ना."

"धुणार कोण? मीच ना?" मालननं नारळ घेतला नाही. हात मात्र पुढे केला. "आत्ता सोडा."