कावळा शिवला

काशिनाथ घाटे देव मानत नसत आणि शशिकलाबाई देवाला फूल वाहिल्याशिवाय चहाही घेत नसत. तरी बरखेड्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये दोघांनी नेटका संसार केला. काशिनाथ भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे जुने कार्यकर्ते. रात्रपाळीवरून परतताना साहेब लोकांच्या कुंपणावरची जास्वंदी, तगर खिशात भरून आणायचे आणि ओट्यावर ओतून म्हणायचे, "घे, तुझ्या मंडळींना." मंडळी म्हणजे देव्हाऱ्यातले देव. उलट ऐन एकादशीला युनियनची चार माणसं येऊन टेकली, तर शशिकलाबाई स्वतः निर्जळी राहून त्यांच्यासाठी कांदाभजी तळायच्या. वर्ध्याहून सासरची माणसं आली की टोमणे मारायची. त्यावर शशिकलाबाईंचं उत्तर ठरलेलं असे. "हे देवळात जात नाहीत, पण शेजाऱ्याच्या दुखण्याला उशाशी बसतात. माझ्या देवाला तेवढं पुरतं."

भोपाळात विषारी गॅस फुटला त्या डिसेंबरात काशिनाथ कारखान्यातल्या मित्रांबरोबर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेले. प्रेतं उचलायला माणसं कमी पडत होती. दोन दिवसांनी घरी आले ते अंगणातच बसून राहिले.

"शशी, कुणाला जाळायचं नि कुणाला पुरायचं, हे आम्ही कपड्यांवरून ठरवत होतो गं," ते म्हणाले. "चुकलोही असू. एक डॉक्टर होता, मिसरूड फुटलेला पोरगा. भिंतीला टेकून रडत होता. म्हणाला, यांना आतून काय झालंय तेच आम्हाला कळत नाही. मी गेलो ना, की मला त्या पोरांच्या हवाली कर. शिकू दे त्यांना."

शशिकलाबाईंनी कानांवर हात ठेवले. अग्नी नाही, पिंड नाही, मग जिवाला गती कशी मिळायची? पुढं कितीतरी वर्षं त्या हा विषय निघाला की उठून आत जात. काशिनाथांनीही कधी हट्ट धरला नाही. ते निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, इंद्रपुरीत छोटं घर बांधलं, मग हृदयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून परतल्यावर एका सकाळी पूजा चालू असताना ते मागे येऊन उभे राहिले आणि फक्त एवढंच म्हणाले, "शशी, शेवटचं विचारतो." त्या आवाजाने शशिकलाबाईंचं काळीज हललं. त्यांनी देवावर हात ठेवून शब्द दिला. काशिनाथ हसले. "बरं झालं, तुझ्याकडे साक्षीला कुणीतरी आहे."

त्यांना दोन मुलं. सुचेता लग्न होऊन नागपूरला गेली. श्रीकांत मात्र भोपाळातच राहिला. महाराणा प्रताप नगरात त्याचे कोचिंग क्लास जोरात चालत. लहानपणी तो आईच्या पदराला धरून असायचा. तिच्या पोथ्या, तिच्या कथा, तिची स्तोत्रं त्याला तोंडपाठ होती. त्याच भक्तीने तो मोठेपणी एका पक्षात गेला, टिळा लावून सभांतून बोलू लागला, नगर निगमच्या निवडणुकीत तिकिटाची आस धरू लागला. शशिकलाबाईंना आधी बरंच वाटलं. आपला पोरगा धर्माचं काम करतो, यात वाईट काय?

मग तो गणेशोत्सव आला. कॉलनीच्या मंडळात दर वर्षी मंडपाची रोषणाई काशिनाथ करत, आणि त्यांच्या जोडीला असे कारखान्यातला हबीब. दोघंही मूर्तीसमोर हात जोडत नसत, पण बाप्पाच्या डोक्यावरचा एक दिवा लुकलुकला तरी हबीब जेवण टाकून धावे. त्या वर्षी श्रीकांत मंडळाचा सेक्रेटरी झाला होता. सभेत ठरलं की मंडपात काम करणारी, मेळ्यात दुकानं लावणारी माणसं आपलीच हवीत. काशिनाथांनी ऐकून घेतलं, शिडी मागवली आणि लावलेल्या सगळ्या माळा एकेक करून उतरवल्या.

"बाबा, लोक बघतायत," श्रीकांत खालून म्हणाला.

"बघू देत. हबीबचा हात चालत नसेल तर माझाही चालायला नको. मी तर देवही मानत नाही."

त्या दिवसापासून बापलेकाचं बोलणं तुटलं. शशिकलाबाई संध्याकाळी एकट्याच आरतीला गेल्या. दुसऱ्याच कुणी लावलेल्या दिव्यांत मूर्ती झगमगत होती, टाळ वाजत होते, आणि त्यांच्या ओठांवर शब्द येत होते. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं की आपण परक्याच्या घरी आलो आहोत.

दोन वर्षं अशीच गेली. श्रीकांत आईला भेटायला येई, पण बाबा बाहेरच्या खोलीत असले की तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरायचा. "बाबा बरे आहेत ना?" असं हळूच विचारायचा. बाहेर काशिनाथ पेपराआडून कान देऊन असत. एकाने हाक मारली असती तर दुसरा धावला असता. पण हाक कुणीच मारली नाही.

आणि एका सकाळी दाढी करता करता काशिनाथ आरशासमोरच कोसळले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

शशिकलाबाईंनी रडणं गिळून आधी मेडिकल कॉलेजला फोन लावला. शब्द दिला होता. गाडी दारात आली तेव्हा श्रीकांतही पोचला होता. बापाच्या पायांवर डोकं ठेवून तो लहान मुलासारखा हुंदके देत होता. गाडीतली माणसं आत आली, तसा तो ताडकन उभा राहिला.

"कशाला आलेत हे?"

"त्यांची इच्छा होती, श्रीकांत. मी शब्द दिलाय."

"आणि तू तो पाळणार? तू?" त्याचा आवाज फाटला. "आई, अग्नी मिळाला नाही तर जीव भटकत राहतो, हे मला कुणी सांगितलं? मांडीवर घेऊन तूच सांगितलंस ना?"

सांगितलं होतं, शशिकलाबाईंनीच.

"यांना टेबलावर उघडं टाकून पोरं कापणार, आणि मी घरी जाऊन जेवणार? दोन वर्षं बोलले नाहीत माझ्याशी. आता निदान अग्नी देऊ दे. मुलगा म्हणून एवढंही नको का मला?" मग त्याने दाराबाहेर जमलेल्या कार्यकर्त्यांकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आणि उद्या लोक काय म्हणतील? धर्माच्या गोष्टी करतो नि बापाला साधा अग्नी देत नाही." बोलला आणि स्वतःच ओशाळला; पण शब्द तोंडातून निघून गेला होता.

शशिकलाबाईंनी नागपूरला सुचेताला फोन लावला. ती स्टेशनवरच होती, गाडीची वाट बघत. रडत रडत म्हणाली, "आई, दादा म्हणतो तसं होऊ दे गं. बाबा तर गेले. आता त्यांच्यावरून भांडण नको."

कॉलेजच्या माणसाने हात जोडले. "माताजी, घर में एक राय न हो, तो हम नहीं ले जा सकते. माफ़ कीजिए."

"मेरी राय है ना," शशिकलाबाई म्हणाल्या. "मैं पत्नी हूँ उनकी."

त्याने मान खाली घातली. रिकामी गाडी वळली आणि गल्लीतून निघून गेली. शशिकलाबाई दाराची चौकट धरून तिच्याकडे बघत राहिल्या.

पुढचं सगळं श्रीकांतच्या माणसांनी हातात घेतलं. तिरडी सजली, मंत्र झाले, पांढऱ्या कुर्त्यातले एक पुढारी आले आणि त्यांनी काशिनाथांच्या छातीवर आपल्या पक्षाचं उपरणं पसरलं. शशिकलाबाईंनी पुढे होऊन ते उचललं, त्याची नीट घडी घातली आणि ते पुढाऱ्यांच्या हातात परत दिलं. गल्लीच्या तोंडाशी युनियनचे श्याम पटेरिया उभे होते. पिशवीत घडी केलेला लाल झेंडा होता, तो त्यांनी बाहेर काढलाच नाही. शेजारी हबीब होता. त्याला खांदा द्यायला जागा मिळाली नाही.

दहाव्याला सगळे होशंगाबादला नर्मदेच्या घाटावर गेले. बायकांनी यायचं नसतं, असं दोघातिघांनी सुचवलं. शशिकलाबाई कुणाचं न ऐकता गाडीत बसल्या.

त्या का निघाल्या होत्या, ते त्यांनाच ठाऊक होतं. नऊ दिवस त्यांनी एकाच गोष्टीचा आधार धरला होता. माणसाची इच्छा राहून गेली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. त्यांनी हे आजेसासऱ्यांच्या वेळी पाहिलं होतं, वडिलांच्या वेळीही. ह्यांची इच्छा तर राहिलीच आहे. मग कावळा येणार नाही. सगळे ताटकळतील, नातेवाईक नाही नाही ती वचनं देतील, गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेतील. तेव्हा आपण उठायचं आणि चारचौघांत सांगायचं की ह्यांना काय हवं होतं. आपलं बोलणं मुलाने मानलं नाही, पण कावळ्याचं तरी मानेल. ज्या माणसाने जन्मभर देव मानला नाही, त्याची बाजू आता आपला देवच मांडेल.

पिंड मांडले. गुरुजी मागे सरले. शशिकलाबाईंनी डोळे मिटून मनातल्या मनात विनवलं, येऊ नको रे बाबा. येऊ नको.

पंख फडफडले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा कावळ्याने पिंडात चोच खुपसलीही होती. त्याच्या मागून दुसरा उतरला, मग तिसरा. भाताची शितं पायरीवर सांडली.

"शिवला! लगेच शिवला!" कुणीतरी म्हणालं. "तृप्त होऊन गेला हो जीव."

श्रीकांत ओल्या धोतरानिशी धावत आला आणि आईच्या पायांशी बसला. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मुंडन केलेल्या डोक्याने तो अगदी पोरसवदा दिसत होता. "आई, बघितलंस? बाबा रागावले नाहीत. त्यांनी मला माफ केलं."

शशिकलाबाई त्या पक्ष्यांकडे बघत होत्या. कावळा खरा असेल, तर ह्यांची काही इच्छाच नव्हती. मग अंगणात बसून बोललेलं ते सगळं खोटं, आणि पूजेच्या मागे उभं राहून मागितलेला शब्दही खोटा. असं कसं होईल? त्यांना आपला नवरा ठाऊक होता. तो खरा असेल, तर समोरचा कावळा म्हणजे नुसता कावळा. आणि तो नुसता कावळा असेल, तर पुढं आणखी कशाकशाला नुसतं म्हणावं लागेल, या विचाराने त्यांच्या पायाखालची पायरी सरकल्यासारखी झाली.

मुलाच्या डोक्यावर हात ठेवून फक्त 'हो' म्हणायचं होतं. आईला तेवढं जड नव्हतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"भूक लागली होती त्याला, श्रीकांत."

श्रीकांतने वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद कुणी ओल्या फडक्याने पुसावा तसा पुसला गेला. तो उठला, पाण्याकडे गेला आणि पाठ करून कितीतरी वेळ उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. शशिकलाबाईंना वाटलं, जावं, त्याला जवळ घ्यावं. पण त्या गेल्या नाहीत.

त्यानंतर त्या इंद्रपुरीच्या घरी एकट्याच राहिल्या. सकाळी आंघोळ करून देव्हाऱ्यासमोर बसायच्या, सवयीने निरांजन लावायच्या. पण स्तोत्र दोन ओळींपुढे जात नसे. मग नुसत्याच ज्योतीकडे बघत बसायच्या. सुचेता फोनवर म्हणे, "देवाचं करते आहेस ना? त्यानेच मन रमेल." त्या म्हणत, "करते आहे गं."

वर्षभराने निवडणूक आली आणि श्रीकांतला तिकीट मिळालं. इंद्रपुरीच्या चौकात मोठं पोस्टर लागलं. त्यात हात जोडलेला श्रीकांत होता, आणि वर कोपऱ्यात हार घातलेले काशिनाथ. खाली लिहिलं होतं, 'पूज्य पिताजी के आशीर्वाद से'. भाजी घेऊन येताना शशिकलाबाईंनी ते पाहिलं. फोटो कारखान्याच्या ओळखपत्रावरचा होता. संपाच्या दिवसांतला, दाढी वाढलेला. काशिनाथांच्या कपाळावर कुणीतरी रंगाने टिळा काढला होता.

मतदानाला श्रीकांतने गाडी पाठवली. त्या चालत गेल्या. याआधी दर वेळी त्या काशिनाथांबरोबर जात. त्यांचं मत लाल झेंड्याला, शशिकलाबाईंचं कायम देवाधर्माच्या बाजूला. बाहेर आल्यावर "आपली दोघांची फिट्टंफाट झाली" म्हणत काशिनाथ पोहे-जिलेबी खायला घालत. आज त्या यंत्रासमोर उभ्या राहिल्या. मुलाचं नाव होतं, शेजारी पक्षाचं चिन्ह होतं. जन्मभर त्यांनी तेच बटण दाबलं होतं. बोट तिथवर गेलं. मग खाली सरकलं आणि दुसऱ्याच कुणा अनोळखी माणसाच्या नावावर दाबलं गेलं. यंत्र वाजलं. पोराच्या मुस्काटात मारावी तसा त्यांचा हात झणझणला. घरी येऊन त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या.

श्रीकांत भरघोस मतांनी निवडून आला. गुलालाने माखलेला, ढोलताशे गल्लीच्या तोंडाशी थांबवून तो एकटाच घरात आला आणि वाकला. उठताना त्याने आईकडे पाहिलं. त्या नजरेत घाटावरचंच विचारणं होतं.

"आई, तुझं मत होतं पाठीशी, म्हणून झालं."

शशिकलाबाईंनी या वेळी खरं सांगितलं नाही. त्यांनी पदराने त्याच्या डोळ्यांत गेलेला गुलाल टिपला आणि म्हणाल्या, "पेढा खाऊन जा. दमलास."

तो दर रविवारी येतो. आता पुढच्या दाराने येतो, बाहेरच्या खोलीत बसतो. दोघं चहा घेतात. वॉर्डातले रस्ते, नळाचं पाणी, सुचेताच्या मुलीची परीक्षा, असं सगळं बोलून होतं. काशिनाथांचं नाव मात्र दोघांपैकी कुणीही काढत नाही. चहा संपला की तो उठतो, नमस्कार करतो, आणि त्याची गाडी चौकात वळेपर्यंत शशिकलाबाई खिडकीत उभ्या असतात.