कोर्बिनियनचं भाजलेलं बोट

कोर्बिनियनने स्की उलटी करून शिकंज्यात आवळली आणि "अगं आई गं!" म्हणाला. तळावर वीतभर लांब चीर पडली होती, तीही पोलादी कडेला लागून, चांगली खोल.

"कुठे फरफटवलीस ही?"

"वरच्या वळणावर दगड उघडा पडलाय," त्याची बहीण नोटबुर्गा म्हणाली. "दादा, तासाभरात आम्हा साठीपुढच्या बायकांची शर्यत आहे. पलीकडच्या खोऱ्यातली ती वाल्बुर्गा चार वर्षं मला हरवतेय. काय वाट्टेल ते कर, पण तुझ्या कांडीनेच कर. ती बंदूक-बिंदूक नको!"

बंदूक म्हणजे त्याच्या मुलीने, लुडविनाने, दुकानात आणलेलं विजेचं यंत्र. चिवट प्लास्टिक तापवून ते चिरेत दाबून भरायचं. कोर्बिनियन चाळीस वर्षं प्लास्टिकची कांडी पेटवून थेंब थेंब गाळत आला होता. महिनाभर त्याने त्या यंत्राची गावभर टिंगल केली. शेवटी काल लुडविना म्हणाली, "बाबा, इथे माझ्या हाताला कामच नसेल, तर सोमवारपासून मी खाली शहरातल्या दुकानात जाते."

"जा की!" तो म्हणाला खरा, पण तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

आत्ता लुडविना शर्यतीचे झेंडे रोवायला वर गेली होती, आणि नोटबुर्गाही तयारीला बाहेर पडली. त्याने कांडी पेटवली, थेंब सोडले, गार होऊ दिले, पातीने तासले. भराव टपकन उडाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. कडेच्या पोलादाला हे मऊ प्लास्टिक धरत नाही हे त्याला कधीचं ठाऊक होतं, पण कबूल कोण करणार? अर्धाच तास उरला. मग त्याने दाराला कडी घातली आणि चोरासारखी बंदूक उचलली. बोट भाजलं, दोन सणसणीत शिव्या घालून झाल्या, पण भराव असा बसला की नखाने उचकटेना. वर शहाणपणा बघा, नेहमीचा वास यावा म्हणून पठ्ठ्याने एक कांडी उगाच जाळून ठेवली!

नोटबुर्गा जिंकली. अर्ध्या सेकंदाने, पण जिंकली. सगळ्या गावासमोर तिने स्की उंच धरली. "बघा, दादाची कांडी! म्हणे यंत्र!"

लोक हसले. झेंड्यांची मोळी खांद्यावर घेतलेली लुडविनाही हसली, पण बापाकडे न बघता. पोर खरंच जाणार होती.

"गप गं!" कोर्बिनियन ओरडला. "कांडी दोनदा उडाली. हे काम लुडविनाच्या बंदुकीचं आहे." मग भाजलेलं बोट वर करून म्हणाला, "आणि हे माझं."

"लबाडा!" नोटबुर्गा किंचाळली, आणि लोक पोट धरधरून हसले.

लुडविनाने मोळी टाकली आणि त्याचं बोट हातात घेतलं. "पुढच्या टोकाला हात लावलात ना, बाबा? ते तापलेलं असतं."

"मला कोण सांगणार? तू तर निघालीस."

त्याने खिशातून दुकानाची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"सोमवारी तू उघड. मी आठला येतो शिकायला."