बोगद्यातून उलटं

जावईबापू वाफेच्या इंजिनांचे नकाशे काढायचे. हुशारीबद्दल कुणाला शंका नव्हती, शंका होती ती नशिबाबद्दल. पहिलं इंजिन देखणं झालं, पण इतकं जड, की पुलावर घालायची कुणाची छाती होईना. दुसरं हलकं केलं, तर त्याचं धुराडं बोगद्याच्या कमानीला घासलं. आता तिसरं. मोठ्या साहेबांनी बजावलंच होतं, की याही वेळी माशी शिंकली तर इंजिनं बंद, जन्मभर फलाटावरच्या बाकांचे नकाशे काढत बसायचं.

चाचणीला इंजिन चालवायला होते सासरेबुवा. धुरानं छातीचं खोकं झालेलं, पण इंजिन सोडायचं नाव नाही. बाबांना जपा, असं जावईबापूंना बायकोनं निघताना दोनदा दटावलं होतं.

इंजिन काय धावलं म्हणता! बोगद्यात मात्र नेहमीचंच. धूर थेट तोंडावर आणि सासरेबुवा खोकून खोकून लाल. शेजारी उभ्या जावईबापूंना फार वाईट वाटलं. तरी गाडी पलीकडच्या स्टेशनात वेळेआधी पोचली आणि डब्यातून उतरलेले साहेब चक्क हसले.

मग इंजिन वळवायला गोल फिरत्या चकतीवर घेतलं, आणि जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. इंजिन चकतीपेक्षा हातभर लांब! पूल मोजला, बोगदा मोजला, नेमकी चकतीच मोजायची राहिली होती. साहेबांचं हसू मावळलं. शेवटी इंजिन तसंच, पाठ पुढे करून गाडीला जोडलं. जावईबापू कोळशाशेजारी मान खाली घालून उभे राहिले. डोळ्यांपुढे नुसते बाक.

बोगदा आला. दोघांनी सवयीनं रुमाल नाकाला लावले, पण धूर काही येईना. धुराडं आता मागे होतं. सगळा धूर मागच्या डब्यात चालला होता, आणि तिथे साहेब खिडक्या उघड्या टाकून बसले होते.

गाडी थांबली. साहेब उतरले ते काळेठिक्कर, खोकत, डोळे पुसत. आता आपलं काही खरं नाही, हे जावईबापूंनी ओळखलं. तेवढ्यात सासरेबुवा पुढे झाले.

"साहेब, हा धूर आम्ही रोज खातो. आज पहिल्यांदा बोगद्यात पोटभर श्वास घेतला. पुढे बसूनच चालवायचं इंजिन करा की एखादं. तुमच्या डब्याला खिडक्या आहेत, त्या लावून घेता येतात."

साहेबांनी तोंड पुसलं. मग जावईबापूंकडे न बघताच म्हणाले, "करा. आणि आधी ती चकती मोजा."

जावईबापूंनी दुसऱ्याच दिवशी चकती मोजली आणि नवा कागद ताणून बसवला. त्यावर सगळ्यात आधी काढला तो एक बाक, अगदी पुढे, धुराड्याच्याही पुढे, सासरेबुवांना बसायला.