पिस्तुलाची उजवी मूठ

खंडेनवमीला पाटावरची पूजा हलवायची नसते, एवढं आमच्या जळकोटात शेंबडं पोरही जाणतं. कृष्णराज पन्नाशीला टेकला, पण पाय न धुताच पाटापाशी बसला. विळा, कुऱ्हाड, मुसळ, पिस्तूल, सगळ्यांना मी नुकतंच भस्म लावलेलं. फोटोत मधे येतं म्हणून त्यानं मुसळ बाजूला सारलं. आणि तेही पायानं!

"आरं, हात मोडलेत का तुझे?"

"सॉरी, मोठ्या काकू. मला फक्त रिव्हॉल्व्हर हवंय."

कृष्णराज माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. पुण्यात राहतो, जुनी लष्करी हत्यारं ओळखतो. आमचं पिस्तूल कधीच निकामी करून कचेरीत नोंदवलेलं. त्याच्यावर त्यानं पुस्तक लिहिलं होतं. आमच्या सासऱ्यांनी, गुरुलिंगप्पांनी, ते एका रझाकाराच्या हातून कसं हिसकावलं त्याचं. गावही तेच सांगतं. पुस्तक छापखान्यात गेलेलं, हत्याराच्या ओळखीचं एक पान तेवढं राहिलेलं.

भिंग डोळ्याला लावून तो कुरकुरला, "खुणा पार झिजल्यात. काहीच वाचता येत नाही."

"सरक तिकडं." मी चिमूटभर भस्म लोखंडावर चोळलं आणि पदरानं वरवर पुसलं. खोलगट खुणांत पांढरं अडकून राहिलं. "ह्यो बाण. हे एक, नऊ, एक, सात. इंग्रजी आकडे म्या शाळेत न्हाय, ह्याच्यावर शिकले."

तो उडालाच. "बाण म्हणजे ब्रिटिश सरकारचा माल! एकोणीसशे सतरा, पहिल्या महायुद्धातलं! चक्रावरचा नंबर आणि सांगाड्यावरचा नंबरही एकच आहे, काकू!" वहीत भराभरा उतरवून घेतलं. मग मूठ उलटीसुलटी केली आणि तोंड पडलं. "डावी बाजू अस्सल. काळी, जाळीच्या नक्षीची. उजवी कुणीतरी साधी लाकडाची बसवलीय. छ्या, सगळी शोभा घालवली. मी अस्सल शोधून आणतो." त्यानं खिशातून पेचकस काढला.

मी त्याचं मनगट धरलं. "ती काळी बाजू कशानं फुटती?"

"जोराचा फटका बसला तर. शिपाई घोड्यावरून पडला असेल."

"घोड्यावरनं न्हाय. ह्या दारात फुटली. ते मुसळ दे इकडं. हातानं दे."

त्यानं दिलं. मुसळाच्या एका अंगाला वीतभर चिरफळी निघालेली आहे.

"त्या दिशी मामंजी निजामाच्या हद्दीपल्याड सोलापुरात व्हते. घरात आत्याबाई एकट्या, कांडत बसलेल्या. दारात रझाकार आला, त्यानं पिस्तूल रोखलं. तुझ्या आजीनं हेच मुसळ हाणलं, मनगट अन् मूठ संगंच. त्यो पिस्तूल टाकून पळाला. काळी बाजू फुटली, मुसळ बी चिरलं. त्याच चिरफळीची त्यांनी इळ्यानं तासून मूठ बसवली."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. लगीन होऊन आले, त्या साली पाट मांडताना. म्हणल्या, गाव ह्यांचं नाव घेतंय, घेऊ दे. मुसळ तेवढं पाटावरनं हलवू नको."

कृष्णराजनं पेचकस खाली ठेवला. मूठ मुसळाला लावून भिंगातून कितीतरी वेळ पाहिलं. लाकडाची एक लालसर शीर मुसळातून निघाली होती, ती थेट मुठीत शिरत होती.

"पटलं का?"

"पटलं." तो हळूच म्हणाला, "पण काकू, मुखपृष्ठावर आजोबांचा फोटो आहे. प्रकाशनाला पाहुणे ठरलेत. आता फिरवलं तर मलाच हसतील. गिरिजाआजीचं हे आपल्यातच राहू दे की."

आत्याबाई स्वतःहून गप्प राहिल्या, ती त्यांची मर्जी. ह्याच्या सोयीसाठी त्यांना गप्प बसवणं वेगळं. मी मुसळ उचललं, पदरानं पुसलं, पाटाच्या मधोमध ठेवलं. पिस्तूल त्याच्या पायथ्याशी.

"कृष्णराज, पिस्तुलाची वळख तू बरोबर काढलीस. तुझी आज म्या काढली. तुझी आजी रोखलेल्या पिस्तुलाला भ्याली न्हाय, अन् तू पाव्हण्यांच्या हसण्याला भेतोस. भित्रा हैस तू. ऊठ, पाय धुऊन ये. आदी मुसळाच्या पाया पड, मग लाव छापखान्याला फोन."