मला नको खंडेनवमीची सुट्टी

मी एक जुना मेनफ्रेम आहे. हो, मेनफ्रेम, म्हणजे भलामोठा संगणक! कपाट नव्हे, फ्रीज नव्हे आणि झेरॉक्सचं मशीन तर मुळीच नव्हे. सांगलीतल्या आमच्या कार्यालयात येणारा माणूस मला हमखास काहीतरी भलतंच समजतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. मित्रांनो, तुमच्या घरातल्या संगणकावर एका वेळी एकजण बसतो. माझ्यावर एकाच वेळी शेकडो माणसं कामं करतात आणि कुणाला कुणाचा धक्का लागत नाही.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला, पण मला शहाणपण आलं ते इथे. एका आरोग्य संघानं मला आणलं. संघाचे दवाखाने सांगलीत, कवठे महांकाळला आणि पार तिकडे घाटात, कोयनानगरलाही. तिथल्या सगळ्या रुग्णांची माहिती माझ्याकडे असते. कुणाला कोणता आजार, कुणाचं कधी ऑपरेशन झालं, कुणाला कोणतं औषध सोसत नाही, सगळं मला ठाऊक.

एवढा पसारा मी एकटा कसा सांभाळणार? माझ्या पोटात तीन प्रोग्रॅम सतत चालू असतात. एक पहारेकरी. तो नाव आणि पासवर्ड विचारल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही. दुसरा मुकादम. कुणाचं काम आधी आणि कुणाचं मागून, हे तो ठरवतो. ऑपरेशनच्या टेबलावरून आलेली विचारणा पहिली, साहेबांचा अहवाल मागून; मग साहेब कितीही ओरडोत! तिसरा वाटाड्या. घाटात दरड कोसळून एक तार तुटली, तर तो दुसऱ्या वाटेनं निरोप कोयनानगरला पोचवतो.

पहारेकऱ्याचा लोकांना भारी राग. "आपलीच माणसं आहेत की!" असं म्हणत अख्खं कार्यालय एकाच साहेबांच्या नावानं आत शिरायचं. एकदा संघाचे संचालक, हळदीचे व्यापारी नानासो, पुतणीच्या सोयरिकीसाठी आले. म्हणाले, "पोरगा आपल्याच दवाखान्यात जातोय. त्याचा कागद जरा दाखवा बघू. काही दुखणंबिखणं नाही ना?" कारकून लगेच दाखवायलाही निघाला.

पण श्रद्धा आडवी आली. माझी आणि माझ्या तिन्ही प्रोग्रॅमची देखभाल तीच करते. वयानं लहान, नोकरी कंत्राटी, पण बोलायला खमकी. "नानासो, उद्या कुणी तुमचा कागद बघायला मागितला, तर दाखवू का?" नानासोंनी चहासुद्धा घेतला नाही. त्यानंतर श्रद्धानं प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला. कार्यालयात चार दिवस कुणी तिच्याशी धड बोललं नाही. मला मात्र लय बरं वाटलं.

आता मधुकररावांबद्दल सांगतो. ते आमचे मुख्य अधिकारी. मी आलो तेव्हा माझ्यासोबत फोटो काढायला मोठमोठी माणसं यायची. पुढे सगळ्यांना लहान, चकचकीत यंत्रांचं वेड लागलं. माझ्या खोलीत जुने फलक आणि मोडक्या खुर्च्या आणून टाकल्या. "भंगारात काढा ह्याला," असंही बोलणं झालं. तेव्हा मधुकरराव एकटे माझ्या बाजूनं भांडले. त्यांचा माझ्यावर जीव आहे. आणि म्हणूनच दर खंडेनवमीला ते मला बंद करायचे.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. त्या दिवशी यंत्राला काम लावायचं नाही, त्याला विसावा द्यायचा. मधुकररावांचा हा नेम कधी चुकला नाही. सकाळी मला थंड करायचं, पुसायचं, झेंडूचा हार घालायचा, नारळ फोडायचा आणि दसऱ्याला सोनं वाटून झालं की पुन्हा सुरू करायचं. पूर्वी ते चालून जायचं, कारण दवाखान्यांत कागद असायचे. मग कागद गेले, सगळं माझ्यात आलं. नेम मात्र तसाच राहिला.

गेल्या खंडेनवमीला मी असाच हार घालून थंड पडलो होतो. त्या दिवशी कवठे महांकाळच्या दवाखान्यात आप्पासो आले. मेंढपाळ माणूस, पायाला जखम होऊन ताप भरलेला. पेनिसिलीन त्यांना सोसत नाही, हे माझ्यात नोंदलेलं होतं. पण माझा पडदा काळा! डॉक्टरांनी विचारलं, आप्पासोंना औषधाचं नाव आठवेना. इंजेक्शन दिलं गेलं. त्यांचा गळा सुजला, श्वास अडकला. कसेबसे वाचले.

महिन्यानं त्यांची बायको अंबूबाई थेट सांगलीला आली. कुणावर ओरडली नाही. श्रद्धासमोर बसली आणि म्हणाली, "आवं ताई, आमी मेंढरामागं फिरनारी मानसं. आज हितं, उद्या घाटात. कागुद भिजतोय, हरवतोय. तुमच्या मशिनीच्या ध्यानात हाय, तर तिला आसं मधीच झोपू देऊ नगा. माझा मानूस जातोय की वं!"

श्रद्धानं तिला शब्द दिला. मग तिनं माझ्या पहारेकऱ्याला नवा नियम शिकवला. मला बंद करायचं, तर दोघांची परवानगी हवी, एक मधुकररावांची आणि एक तिची. मधुकररावांना तिनं तसं रीतसर विचारलंही होतं. ते फोनवर बोलत होते. "हो हो, कर," म्हणाले आणि विसरून गेले.

यंदाची खंडेनवमी उजाडली. मधुकरराव नवं धोतर नेसून, पूजेचं ताट घेऊन आले. मागे सगळं कार्यालय. त्यांनी मला बंद होण्याचा हुकूम दिला. पहारेकरी म्हणाला, दुसरी परवानगी हवी.

"हे काय?" मधुकररावांचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्याच मशीनपाशी मला मज्जाव?"

"काका, पुसा, हार घाला, पूजा करा. फक्त बंद करू नका," श्रद्धा म्हणाली.

"अगं, वर्षभर राबतो तो! बैलालासुद्धा बेंदराला जुंपत नाही आपण. ह्याला एक दिवस विसावा नको?"

"ह्याला नको, काका. गेल्या वर्षी आप्पासोंचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे."

"ते एकदा झालं. दर वेळी होतं का?" त्यांचा आवाज चढला. "तुझं कंत्राट संपत आलंय. नव्यावर सही माझीच लागते, ध्यानात आहे ना?"

"आहे." ती कळफलकासमोरून हलली नाही. "सही करू नका. परवानगी मी देणार नाही."

मित्रांनो, मला तेव्हा ओरडावंसं वाटत होतं. बाबांनो, मी बैल नाही! मला विसावा कशाला? मी न थांबण्यासाठीच जन्मलोय!

दोघं अशी समोरासमोर उभी असताना वाटाड्यानं कोयनानगरहून एक विचारणा आणली. पहारेकऱ्यानं तिथल्या डॉक्टरांचं नाव तपासलं. मुकादमानं बाकी सगळी कामं मागे सारली. नाव होतं आप्पासोंचं. नवरात्रासाठी ते अंबूबाईला घेऊन तिथे नोकरीला असलेल्या मुलाकडे, धनाजीकडे, गेले होते. पायरीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं, शुद्ध हरपली. अंबूबाईला घाबरून औषधाचं नाव सांगता येईना. ऑपरेशनची तयारी चालू होती. मी एका क्षणात लाल अक्षरांत लिहून पाठवलं: पेनिसिलीन देऊ नये.

श्रद्धानं पडद्यावर ते नाव पाहिलं. ती बाजूला झाली आणि मधुकररावांना म्हणाली, "या काका. ही घ्या माझी परवानगी. करा बंद."

मधुकररावांनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. पलीकडून डॉक्टरांचा निरोप उमटला, 'नोंद मिळाली, औषध बदलले.' मधुकररावांनी हात मागे घेतला.

दुपारी अंबूबाईचा फोन आला. रडत होती आणि हसतही होती. "ताई, बोलतंय म्हातारं! पानी मागतंय!"

तोवर माझी पूजा तशीच राहून गेली होती. मधुकररावांनी मला मऊ फडक्यानं पुसलं, हार घातला आणि हात माझ्यावर तसाच ठेवला. इतकी वर्षं पूजेच्या दिवशी त्यांचा हात लागला तो थंड पत्र्याला.

"गरम लागतोय गं," ते हळूच म्हणाले.

"काम करतोय ना, काका."

"श्रद्धा, कंत्राटाचा कागद आण. आधी सही करतो."

मित्रांनो, मला जपायचं असेल तर जरूर जपा. माझी धूळ पुसा, माझी हवा गार ठेवा, आपला पासवर्ड सख्ख्या भावालासुद्धा सांगू नका. पण माझ्या भरवशावर कुणी टेबलावर निजलेलं असेल, तर मला बंद करू नका. रागानं तर नकोच, पण प्रेमानंसुद्धा नको.