गार पाण्याला आलेली उकळी

शुक्रवारी सकाळी पानवडीच्या माळावर पाय ठेवायला जागा नसे. येरमाळ्याच्या बाजूनं बैलगाड्यांची रांग लागे, लांबलांबून लोक पायी येत. चिंचेखाली तांब्याचं भलंमोठं घंगाळ, त्यात आडाचं गार पाणी आणि मागे व्याघ्रचर्म म्हणून अंथरलेल्या ठिपक्यांच्या सतरंजीवर गंधबाबा बसलेले. भक्तानं पुढं व्हायचं, बाबांच्या हातून मूठभर पांढरं मीठ उपरण्यात किंवा पदरात घ्यायचं, घंगाळाला पाच फेऱ्या घालायच्या आणि मीठ पाण्यात सोडायचं. सोडलं रे सोडलं की पाणी खळाळायचं. फेस काठापर्यंत यायचा, केवड्याचा घमघमाट सुटायचा आणि एवढी उकळी फुटूनही पाण्यात बोट घातलं तर पाणी गारच असायचं.

“विस्तवाविना उकळी हाय ही, लेकरांनो,” बाबा डोळे मिटून सांगत. “क्षीरसागराच्या तळचं मीठ हाय. मन साफ असंल त्याचंच पाणी उकळंल. पोटात पाप असंल त्याचं निजून ऱ्हाईल.”

क्षीरसागर दुधाचा; त्यात मीठ पडलं तर दूध नासणार नाही का, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही. लोक उरलेलं मीठ घरी नेत आणि आंघोळीच्या पाण्यात टाकत. खरूज जाते, चट्टे जातात, कूस उजवते. जे जे माणसाला जावं किंवा यावंसं वाटतं ते सगळं त्या मिठानं होतं असा बोलबाला होता.

साल बेचाळीसचं असेल. मी, शंकरप्पा, तालुक्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. या चमत्काराची हकीकत पहिल्यांदा कानावर आली तेव्हा मी पोट धरून हसलो, कारण असलं मीठ मी स्वतःच्या हातानं केलेलं होतं.

त्याआधी मी धाराशिवला होतो. तिथल्या एका बड्या अंमलदाराच्या बेगमसाहेबांनी हैदराबादेहून आंघोळीच्या सुवासिक मिठाची विलायती बरणी आणलेली होती. ती संपली तशी त्यांनी मला विचारणा केली. मी घरीच खटाटोप सुरू केला. खडेमीठ जाडसर कुटून उन्हात खणखणीत वाळवलं. त्यात खायचा सोडा आणि लिंबाचं फूल, म्हणजे ते आंबट पांढरे स्फटिक, मिसळले. केवड्याचं अत्तर थेंबथेंब चोळलं आणि घट्ट बुचाच्या बरणीत भरलं. दोन-तीनदा फसलं, कारण हवा दमट होती, मग जमलं. बेगमसाहेब खूश झाल्या. त्यांच्याकडं न्हाणीचं पाणी तापवणारा, डाव्या भुवईवर व्रण असलेला बलभीम नावाचा गडी होता, तो बरणी न्यायला यायचा. त्यानं एकदा कृती विचारली आणि मी शहाणपणा मिरवायला ती अथपासून इतिपर्यंत सांगितली. पुढं बलभीम चाकरी सोडून गेला. बाबांच्या डाव्या भुवईवरचा व्रण कुणीतरी वर्णन करून सांगितला तेव्हा बलभीम कुठं गेला तेही मला कळलं.

पण मी गप्प राहिलो. मीठ-सोड्यानं आंघोळ करून कोण मरतंय, असं मी म्हणालो. लोकांना हौसच आहे तर फसू देत. असे दोन महिने गेले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

मार्गशीर्षात एका मंगळवारी हरणाबाई माझ्यापुढं येऊन उभी राहिली. ती आमच्या दवाखान्यातली आया, कामाला वाघीण, कुणापुढं डोळ्यांतून टिपूस न काढणारी. तिची लेक सत्यभामा पानवडीत धोंडीबाच्या घरी दिलेली. कार्तिकात सत्यभामाच्या जावेचं, कमलबाईचं, सहा महिन्यांचं मूल हगवण लागून दोन दिवसांत गेलं. सत्यभामाला मूलबाळ नव्हतं. सासूनं करणीचा बोभाटा केला. मग धोंडीबानं दोन्ही सुनांना पारखीसाठी बाबांकडं नेलं. कमलबाईचं पाणी खळाळून उकळलं आणि सत्यभामाचं हललंसुद्धा नाही. आता पोरीला कडब्याच्या खोपटात कोंडलेलं होतं. करणी ओकून पडावी म्हणून येत्या शुक्रवारी बाबा तिच्या जिभेवर तापल्या विळ्यानं डाग देणार होते.

एवढं सांगून हरणाबाई खाली बघून म्हणाली, “आप्पा, माजी लेक कुनाचं वाईट चितायची न्हाय. पर पानी हललंच न्हाय वो. आता मला बी शंका याया लागली.”

विळ्यापेक्षा मला त्या शेवटच्या वाक्याची भीती वाटली. मी तिला खाली बसवलं आणि पारखीच्या दिवशी काय काय घडलं ते पहिल्यापासून विचारलं. कमलबाई घरून न्हाऊन, कोरडं लुगडं नेसून गेली होती. सत्यभामानं मात्र देवाच्या कामात कसूर नको म्हणून भर थंडीत आडावर डोक्यावरून पाणी घेतलं होतं आणि ती तशीच ओलेत्यानं गेली होती. मीठ तिनं निथळत्या पदरातच घेतलं होतं.

“खोपटाच्या दारातनं बोलली माज्यासंगं,” हरणाबाई म्हणाली. “म्हनं, फेऱ्या घालताना पदरात गार गार कायतरी सळसळलं, आई. सासू म्हनती, ती करनीच हुती. देवाला भिऊन हलली.”

त्या पदरात काय सळसळलं ते मला तिथंच कळलं, आणि माझं हसू कायमचं गेलं.

आधी मी पोलीसठाण्यात अमीनसाहेबांकडं, म्हणजे तिथल्या फौजदाराकडं, गेलो. त्यांनी पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला आणि म्हणाले, “मजहबी मामला है, कंपाउंडर. हाथ मत डालो.” मग मी घरी येऊन चुलीच्या उबेला सोडा आणि लिंबाचं फूल पुन्हा वाळवलं, केवडा चोळून बरणी भरली आणि शुक्रवारी उजाडताच हरणाबाईला गाडीत घालून पानवडी गाठली.

सत्यभामा घंगाळाशेजारी बसवलेली होती. हात मागं बांधलेले, केस मोकळे, नजर जमिनीवर. पलीकडं शेणीच्या निखाऱ्यात विळा होता. बाबांनी मला ओळखलं. त्यांचा सूर अर्ध्या श्लोकातच घसरला.

मी बरणी उघडली आणि एक मूठ घंगाळात टाकली. पाणी खळाळलं. तोच फेस, तोच केवडा.

“ही इंग्रजी इद्या हाय,” बाबा सावरून म्हणाले. “माजी दैवी हाय.”

“ठीक,” मी म्हणालो. “मग दैवीचीच पारख करू.” मी धोंडीबाला पुढं बोलावलं. गावात त्याच्या शब्दाला मान होता आणि आजवर त्याचं पाणी दोनदा उकळलेलं होतं. त्याचं उपरणं मी आडाच्या पाण्यात बुचकळून न पिळता त्याच्या हाती दिलं, त्यात बाबांच्याच हातानं बाबांचंच मीठ घालायला लावलं आणि म्हटलं, घाला पाच फेऱ्या.

दुसऱ्या फेरीला धोंडीबा थबकला. “गार लागतंय,” तो पुटपुटला. “आन् सळसळतंय बी.” उपरण्याखालून पांढरा फेस ठिबकत होता. पाचवी फेरी झाली. त्यानं उपरणं पाण्यात झटकलं. पाणी निजून राहिलं.

“धोंडीबा, तुमच्या पोटात कुठलं पाप आहे?” मी विचारलं.

त्यानं हातातलं ओलं उपरणं उलटसुलट करून पाहिलं. मग मी सगळ्यांना सांगितलं. सोडा आणि लिंबाचं फूल कोरडं असेतो शेजारी शेजारी निवांत बसतं. पाणी लागलं की त्यांची झटापट होते, त्यातून वायू सुटतो, त्याचेच हे बुडबुडे. ही उकळी नाहीच. पाणी तापत नाही, उलट गारच होतं. कोरड्या पदरातलं मीठ घंगाळात जाऊन फसफसतं आणि ओल्या पदरातलं वाटेतच फसफसून संपतं. सत्यभामा सगळ्यांत जास्त भक्तिभावानं आली, म्हणूनच तिचं पाणी हललं नाही.

बलभीम उठून उभा राहिला. आता त्याचा आवाज बाबांचा नव्हता. “आप्पा, ह्ये तुमीच शिकीवलं न्हवं मला?”

“हो, मीच,” मी म्हणालो. लोकांनी माझ्याकडं वळून पाहिलं. ते मला चुकवता आलं नसतं आणि चुकवायचंही नव्हतं. “पण तिचं मीठ पदरातच संपलं हे तुला त्याच वेळी कळलं होतं की नाही?”

त्यानं घंगाळाकडं पाहिलं. मग म्हणाला, “कळलं हुतं. पर एकाचं पानी उकळलं न्हाय, तवापास्नं लोकांचा इस्वास दुप्पट झाला.”

दोघे-तिघे त्याच्या अंगावर धावले. मी मध्ये पडलो, कारण गेल्या शुक्रवारपर्यंत हेच हात जोडलेले होते. तो सतरंजी तिथंच टाकून रानाच्या बाजूनं निघून गेला.

धोंडीबानं स्वतः सुनेचे हात सोडले. त्याचा चेहरा ओशाळलेला होता. माझ्या बरणीकडं बोट करून तो तिला म्हणाला, आता कोरड्या हातानं एक मूठ टाक, चार लोकांदेखत पाणी उकळू दे, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहायची नाही. लोकांनी माना डोलावल्या. मलाही ते सोपं वाटलं आणि मी बरणी पुढं केली. हे लिहिताना कबूल केलंच पाहिजे: युक्ती उघडी करणारा मी, पण सत्यभामाची सुटका त्याच घंगाळातून करायला निघालो होतो.

सत्यभामानं मनगटं चोळली आणि बरणी माझ्याकडं परत सारली.

“म्या न्हाय टाकायची, मामंजी,” ती म्हणाली. “आज उकळलं म्हनून म्या चांगली, आन् उद्या न्हाय उकळलं की पुन्ना इळा तापवाल तुमी. लेकरू हगवनीनं गेलं. दवाखाना चार कोसांवर हुता. म्या म्हनलं हुतं गाडी जुंपा. कुनी जुंपली न्हाय. त्याची पारख करा.”

कमलबाई गर्दीत होती. ती मटकन खाली बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. मग सत्यभामानं आईकडं पाहिलं. “आई, तुला बी पानीच खरं वाटलं व्हय?”

हरणाबाईनं तोंडाला पदर लावला. लेक येऊन गाडीत बसली. आई काही गाडीत बसली नाही. चार कोस ती गाडीमागं चालत आली.

वाचकहो, नवल दिसलं तर जरूर बघा, पण हात लावून बघा, विचारून बघा आणि पुन्हा करून बघा. पाण्याला पाप कळत नाही, मिठाला पुण्य कळत नाही. मूल आजारी पडलं तर गाडी जुंपा. आणि ज्याला युक्ती ठाऊक आहे त्यानं घरी बसून हसू नये; पहिल्याच शुक्रवारी माळावर जाऊन सांगावी. मी दोन महिने उशिरा गेलो. जीभ वाचली. पण हरणाबाई मरेपर्यंत सत्यभामा तिच्याशी कामापुरतंच बोलली.