अंगण खरेच वाकडे होते

मी एक जुना लाकडी तक्ता आहे. मित्रांनो, सध्या माझ्यावर चहाचा कप, चष्म्याची डबी आणि निवडायला घेतलेली पालेभाजी आहे. पण मी जन्माने टेबल नाही. एके काळी मी एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाच्या मैदानात होतो आणि आठ हजार माणसे माझ्याकडे टक लावून बघत. खरे सांगायचे तर ती माझ्यावर पळणाऱ्यांकडे बघत. पायाखालच्या लाकडाकडे कोण बघतो?

आम्ही दोनशे सोळा भावंडे. सगळी आठ फूट लांब, चार फूट रुंद. वर गुळगुळीत फळ्या, खाली आडव्या पट्ट्या आणि त्या पट्ट्यांना चिकटवलेल्या रबराच्या छोट्या गाद्या, अशी आमची घडण. या गाद्यांमुळे चेंडू नीट उसळतो आणि खेळाडूंच्या गुडघ्यांना मार बसत नाही. प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक रंगवलेला असे. माझा एकशे चौदा. हंगाम सुरू होताना आम्हाला त्या मोठ्या सभागृहात क्रमांकाने जोडायचे आणि हंगाम संपला की उचलून गोदामात रचायचे. अशी अठरा वर्षे गेली.

आम्हाला जोडणाऱ्या गटाचे मुकादम होते मामा. गटात त्यांची सख्खी भाची काम करायची. ती मामा म्हणायची म्हणून सगळेच मामा म्हणू लागले, अगदी त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला पहारेकरीसुद्धा. मैदान जोडून झाले की मामा बूट काढून ठेवायचे, हातात चेंडू घ्यायचे आणि नुसत्या मोज्यांवर एकेका तक्त्यावर तीन तीन टप्पे टाकत फिरायचे. टप असा आवाज आला की पुढे. थप असा आला की खाली बसून बोटांच्या पेरांनी ठोकून बघायचे. यात अख्खा दिवस जाई. त्या दिवशी कोणी त्यांच्याशी बोललेले त्यांना खपत नसे.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. संघांचे पाय मला मैदानात दिसायचे. चेहरे वर, फार लांब असत. कोण चेंडू गेल्यावर धावत परत येतो, कोण चालत येतो, कोण पंचांशी भांडताना एका टाचेवर उभा राहतो, हे मला ठाऊक असे. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला मीही थोडा शहाणपणा करीत असे. एका वर्षी ताडमाड उंचीचा एक संघ आला. पहिले पाचही सामने जिंकला. सगळ्यांनी त्यांना चषक देऊन टाकला. मध्यंतरानंतर त्यांचे पाय फरफटतात, हे फक्त मला कळत होते. तो संघ शेवटी सातवा आला आणि मी मनातल्या मनात फार खूश झालो. पुढच्याच वर्षी एका जडशीळ, धपधप पळणाऱ्या संघाला मी पहिल्याच सामन्यात निकालात काढले. चषक त्यांनी नेला. तेव्हापासून मी भाकिते करणे सोडले.

समालोचकांनी मात्र सोडले नाही. ते मैदानाच्या कडेला, माझ्यापासून चार हातांवर बसत. सामन्याचे समालोचन करून झाले की वर्तमानपत्रात सदरही लिहीत. दर हंगामात पाच सामने झाले की त्यांचा ‘पहिली छाप’ नावाचा लेख येई. कोण चालणार, कोण आपटणार, सगळे त्यात असे. कोणी म्हणाले की साहेब, अजून तीस सामने आहेत, तर ते म्हणत, "शितावरून भाताची परीक्षा होते. त्यासाठी पातेलं संपवावं लागत नाही."

आता माझ्या शेवटच्या हंगामाचे सांगतो.

त्या उन्हाळ्यात गोदामात आमच्यावर रंगमंचाचे लोखंडी सांगाडे रचून ठेवले होते. त्या वजनाने माझ्या पाठीची एक पट्टी चिरली आणि दोन रबरी गाद्या निखळल्या. वरून मी जसाच्या तसा होतो. पॉलिश केल्यावर तर माझ्यात दिवे दिसत होते.

मामांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून मुकादम आता भाची होती. सभागृहात आदल्या संध्याकाळपर्यंत फर्निचरचे प्रदर्शन होते. दुपारी मैदान जोडून झाले आणि दुसऱ्या दिवशी पहिला सामना. भाची सभागृहाच्या व्यवस्थापकांकडे गेली.

"साहेब, मला एक दिवस द्या. मामा सगळं ठोकून बघायचे."

"गेल्या वर्षी चाललं ना हे मैदान?"

"चाललं."

"मग यंदा काय झालंय त्याला? चकाचक तर दिसतंय. उद्याची तिकिटं गेलीत, बाई."

भाचीने आणखी एकदा तो दिवस मागितला, आणि मग ती परत कामाला लागली.

त्याच हंगामात संघात एक नवा खेळाडू आला होता. डाव्या हाताने खेळायचा म्हणून सगळे त्याला डावरा म्हणत. पावले हलकी. इतकी हलकी की तो येऊन गेला हे मला चेंडूवरून कळे. प्रशिक्षकांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते, "दहा सामने बघतो. मग ठेवायचं की परत पाठवायचं ते ठरवू." तो आईला घेऊन या शहरात राहायला आला होता. पहिल्या सामन्याआधी बुटांच्या नाड्या बांधता बांधता तो तिच्याशी फोनवर बोलत होता. "आई, भांड्यांची खोकी अजून उघडू नकोस. दोन पातेली बाहेर काढलीस ना? पुरे झालं."

संघाचे आधीचे खेळाडू उजव्या बाजूने चढाई करीत. डावरा डावीकडून जायचा. मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात. तेव्हा त्याची वाट बरोबर माझ्यावरून जायची. पहिल्या सामन्यात तो वेगाने आला, माझ्यावर टप्पा टाकला आणि चेंडू गुडघ्यापर्यंतसुद्धा उसळला नाही. समोरच्याने तो उचलला आणि पळ काढला.

दुसऱ्या सामन्यात तेच. तिसऱ्यात दोनदा. पहिल्या नऊ सामन्यांतले सात आमच्याच सभागृहात होते, आणि संघाचा सराव दुसऱ्या हॉलमध्ये व्हायचा. म्हणजे सरावात तो उत्तम, मध्यंतरापर्यंत उत्तम, आणि त्यानंतर घात. पाहुण्या संघांचे चेंडूही माझ्यावर दोन-तीनदा निसटले. तेव्हा लोक म्हणाले, आपला बचाव काय सुधारलाय.

तिसऱ्या सामन्यानंतर डावऱ्याने प्रशिक्षकांना मैदानावर बोलावले. "सर, इथे कुठेतरी चेंडू नीट उसळत नाही."

प्रशिक्षकांनी चेंडू घेऊन एक टप्पा टाकला. तो पडला एकशे पंधरावर, माझ्या शेजारच्या भावावर. छान उसळला.

"नाचता येईना अंगण वाकडं," प्रशिक्षक म्हणाले. बाकावरचे सगळे हसले. डावराही हसला, कारण न हसून सांगतो कोणाला?

मित्रांनो, त्या म्हणीतले अंगण मी होतो. आणि मी खरेच वाकडा होतो.

पाच सामने झाले आणि ‘पहिली छाप’ आली. संघातल्या एकाने ती बाकावर बसून मोठ्याने वाचली. "पाहुणे संघ यंदा दमदार, आपला डळमळीत. नवा डावरा म्हणजे सरावात वाघ आणि सामन्यात शेळी. मध्यंतरानंतर घरच्या प्रेक्षकांपुढे त्याचा धीर सुटतो." बाहेरगावच्या दोन सामन्यांत तो सुरेख खेळला, तेव्हा समालोचक म्हणाले की समोरचे संघच कच्चे होते. एकदा छाप पडली की सगळे त्याच साच्यात बसवता येते.

आठव्या सामन्यात एक नवीन गोष्ट घडली. डावरा चेंडू घेऊन आला आणि माझ्या अलीकडेच, कोणी अडवलेले नसताना, त्याने तो दुसऱ्याला देऊन टाकला. नवव्यातही तसेच केले. चेंडू निसटत होता तोवर दोष माझा होता. आता त्याला स्वतःलाच ती शेळीची गोष्ट पटली होती. मला त्याचे फार वाईट वाटले. मला बोलता आले असते तर मी बोललो असतो का, हेही मी पुष्कळदा स्वतःला विचारले. चिरलेल्या तक्त्याची जागा भंगारात असते, हे मला माहीत होते. उत्तर मी तुम्हाला सांगणार नाही.

दहाव्या सामन्याच्या दिवशी सकाळी मामा काठी टेकत सभागृहात आले. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच. भाचीने त्यांना खालच्या पायरीवर बसवले, चहा आणून दिला. सभागृह रिकामे होते. डावरा एकटाच लवकर आला होता आणि उगाच चेंडू आपटत डावीकडून चालला होता. टप, टप, टप, थप.

मामांनी कप खाली ठेवला. "अहो, परत टाका बरं तिथे."

डावऱ्याने वळून बघितले. "कुठे?"

"आता टाकलात तिथेच. हां. आता एक पाऊल पुढे. आता मागे या."

थप.

"एकशे तेरा की चौदा गं?" मामांनी विचारले. भाची तोवर माझ्यावर ओणवी झाली होती. तिने पेरांनी ठोकले, कान लावला.

"चौदा, मामा."

"ठोकून बघितलं नव्हतंस."

"नाही," ती म्हणाली. व्यवस्थापकांचे नाव ती घेऊ शकली असती. तिने घेतले नाही.

डावरा तिथेच मांडी घालून बसला आणि म्हणाला, "म्हणजे तो मी नव्हतोच?"

"तुमचं मला काय ठाऊक? मी माझ्या लाकडापुरतं सांगतोय," मामा म्हणाले.

दोन तासांत मला उचलून माझ्या जागी गोदामातला जादा तक्ता बसवला. माझी पाठ बघायला प्रशिक्षकांना बोलावले. त्यांनी चिरलेल्या पट्टीवरून बोट फिरवले आणि डावऱ्याकडे बघितले. मग त्यांनी बूट काढले, चेंडू घेतला आणि मोज्यांवर मैदानभर टप्पे टाकत हिंडले. मामा पायरीवरून क्रमांक सांगत होते.

तो सामना मी बाहेरच्या बोळात भिंतीला टेकून ऐकला. मध्यंतरानंतर डावीकडून टप टप असे येई आणि मध्येच थांबे. अजूनही तो आधीच चेंडू देऊन टाकत होता. एकदा, दोनदा, चारदा. पाचव्यांदा आवाज थांबला नाही. माझ्या जागेवरून तो सरळ पलीकडे गेला, क्षणभर शांतता झाली आणि मग आठ हजार माणसे ओरडली. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो. लोक त्याच बोळातून कुरकुरत घरी गेले. डावरा मात्र मागे राहिला आणि माझ्या शेजारी उभा राहून फोनवर म्हणाला, "आई, खोकी उघड."

तक्ता बदलल्याचे व्यवस्थापकांनी कोणाला कळू दिले नाही. अळी मिळी गुप चिळी. पुढच्या आठवड्यात समालोचकांनी लिहिले की डावऱ्याला अखेर आत्मविश्वास गवसला आहे आणि हे होणार याची आपल्याला पहिल्यापासून कल्पना होती.

मला भंगाराच्या गाडीत चढवत होते, तेव्हा डावऱ्याने भाचीला विचारले, "याचं काय करणार?"

"काय करणार? जाईल मोडीत."

"मला द्याल?"

मला वाटले, झाले, आता हा कुऱ्हाड आणणार. त्याचा तो हक्कच होता. पण भाचीने माझा चिरलेला अर्धा भाग कापून टाकला, उरलेल्याला चार पाय लावले, आणि मी त्याच्या स्वयंपाकघरात येऊन पडलो. त्याच्या आईने पहिल्याच दिवशी माझ्यावर कप ठेवला आणि तो डुचमळला.

"कसलं हे वाकडं टेबल आणलंस रे? बघ, कसं डुगडुगतंय."

मी शरमलो. वाकडेपणाच्या बाबतीत माझी कीर्ती काय होती, हे त्याच्याइतके कोणाला माहीत होते? कागदाची घडी पायाखाली सारून तो मोकळा झाला असता. पण तो खाली बसला. माझे चारही पाय त्याने एकेक करून चाचपले. मला जरा बाजूला सरकवले आणि मी उभा होतो त्या फरशीवर बोटांच्या पेरांनी ठोकले. थप.

"आई, टेबल सरळ आहे," तो म्हणाला. "फरशी खचलीय."

मित्रांनो, अठरा वर्षे मी लोकांच्या पायाखाली होतो. माझी बाजू घेऊन बोललेला हा पहिला माणूस, आणि तोही ज्याचे मी सर्वांत जास्त नुकसान केले तो. त्या दिवशी मला रडू आले असते, पण लाकडाला ती सोय नाही.

तुम्हीही कधी कोणाला धडपडताना बघाल. हसायच्या आधी खाली वाका आणि तो उभा आहे ती जागा ठोकून बघा. आणि आमच्यासारख्या वस्तूंवर वाटेल तेवढे ओझे रचू नका. आम्ही वरून चकचकीत दिसलो तरी वर्षातून एकदा आम्हाला उलटे करून बघा. फार वेळ लागत नाही. भाचीने एकच दिवस मागितला होता.